रिकाम्या सभागृहातले २७ टक्के

कल्याण-डोंबिवलीत महापालिकेसाठी १ नोव्हेंबर २०१५ला मतदान झालं. त्यानंतरचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. डिसेंबर १९९७मध्ये डोंबिवलीत जन्मलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या तारखेला तिला अठरा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. दुसऱ्या तारखेला ती अठ्ठावीस वर्षांची होती. मधल्या काळात तिनं दोनदा लोकसभेला मत दिलं, दोनदा विधानसभेला दिलं. पण तिच्या दारासमोरचं गटार, नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी, पालिकेची शाळा आणि दवाखाना ज्या संस्थेच्या हातात, त्या संस्थेसाठी पहिलं मत द्यायला तिला अठ्ठावीस वर्षांची व्हावं लागलं.

या मुलीसाठी देशानं एकदा नाही, दोनदा राज्यघटना दुरुस्त केली आहे. एकसष्टाव्या दुरुस्तीनं मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणलं. ती २८ मार्च १९८९पासून लागू आहे, आणि पालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच बनत असल्यामुळे तिचा लाभ पालिकेलाही झाला. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं प्रत्येक शहराला दर पाच वर्षांनी निवडून आलेलं सभागृह देण्याची हमी दिली. ती १ जून १९९३पासून लागू आहे. एका दुरुस्तीनं मत दिलं, दुसरीनं मुदत घालून दिली. मतदान तेवढं झालं नाही.

ठाण्याचं दुखणं थोडं कमी दिवसांचं, एवढाच फरक. इथं २१ फेब्रुवारी २०१७ला मतदान झालं होतं. सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासक.

*

मी हे ठाण्यातल्या खोपटहून लिहितो आहे. एसटीचं आगार, सिद्धेश्वर तलाव, मधल्या गल्ल्यांमधल्या जुन्या चाळी आणि त्यांच्या उशाशी उभे राहिलेले टॉवर, एवढा हा पसारा. महापालिकेचं मुख्यालय पाचपाखाडीत, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर. प्रशासकाच्या काळात हे अंतर किती वाढलं, ते चाळीतल्या माणसाला विचारा.

पाण्याचा दाब कमी झाला, तुंबलेल्या गटाराचं पाणी जिन्यापर्यंत आलं, दिवाबत्ती आठ दिवस बंद राहिली, की माणूस जायचा कुठे? नगरसेवकाकडे. तो नव्हता. मग ‘माजी’ नगरसेवकाकडे, ज्याच्या हातात कायद्यानं काहीच उरलेलं नव्हतं. त्याच्याकडूनही काम झालं नाही, तर पक्षाच्या कार्यालयात. खोपटला भाजपचं शहर कार्यालय आहे, टेंभी नाक्यावर शिवसेनेचं आनंद आश्रम. लोक तिथं अर्ज घेऊन रांगा लावत. कार्यकर्ता ओळखीचा असेल तर एक फोन जायचा आणि काम व्हायचं. ओळख नसेल तर अर्ज फायलीत.

मला सर्वात जास्त चीड याची आहे. जे हक्कानं मागायचं, ते लोकांना वशिल्यानं मागावं लागलं. नगरसेवकाला माणूस दरडावून सांगू शकतो, ‘मत दिलंय, काम कर.’ पक्षाच्या कार्यालयात तो हात जोडून उभा राहतो. चार वर्षं ठाणेकर आणि पाच वर्षं कल्याण-डोंबिवलीकर हात जोडून उभे होते.

*

आता ही हमी नेमकी काय आहे ते जवळून पाहू. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू. त्यात म्हटलंय की नगरपालिका असो की महापालिका, तिची मुदत पहिल्या सभेसाठी ठरलेल्या दिवसापासून पाच वर्षं, त्याहून एक दिवसही जास्त नाही. नवी निवडणूक त्या पाच वर्षांच्या आत पुरी झाली पाहिजे. मुदतीआधी सभागृह बरखास्त केलं, तर सहा महिन्यांच्या आत. बस्स. ‘शक्यतो’ नाही, ‘परिस्थिती पाहून’ नाही, ‘राज्य सरकारला योग्य वाटल्यास’ तर नाहीच नाही.

हा अनुच्छेद एवढ्या कडक भाषेत लिहावा लागला, याला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास साक्षी आहे. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ला झाली आणि पहिली निवडणूक झाली १९८६मध्ये. कल्याण महापालिका १ ऑक्टोबर १९८३ला झाली आणि पहिली निवडणूक झाली १९९५मध्ये. मधे बारा वर्षं. एका पिढीचं शिक्षण या बारा वर्षांत पहिलीपासून बारावीपर्यंत पुरं झालं आणि त्यांच्या शहरानं एकही नगरसेवक पाहिला नाही. कल्याण-डोंबिवलीला पहिलं सभागृह मिळालं ते चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती लागू झाल्यानंतर. त्या दुरुस्तीचं मोल डोंबिवलीकराला पुस्तकात वाचायची गरज नाही.

आणि ती सहजासहजी झालेली नाही. मूळ राज्यघटनेत गावांच्या पंचायतींसाठी निदान अनुच्छेद ४० होता, मार्गदर्शक तत्त्व म्हणून. शहरांसाठी तेवढंही नव्हतं. राजीव गांधी सरकारनं १९८९मध्ये पंचायतींसाठी चौसष्टावं आणि शहरांसाठी पासष्टावं विधेयक आणलं. लोकसभेनं ती मंजूर केली, त्या ऑक्टोबरात राज्यसभेत ती पडली. पुढे नरसिंह राव सरकारच्या काळात, डिसेंबर १९९२मध्ये, दोन्ही सभागृहांनी त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती मंजूर केली. तो महिना आठवा. अयोध्येनंतर देश पेटलेला होता, मुंबईत दंगल उसळली होती. त्या धुमश्चक्रीतही संसदेनं गल्लीतल्या माणसाच्या मताचा विचार केला. निम्म्या राज्यांच्या विधानसभांनी मान्यता दिली आणि एप्रिल १९९३मध्ये राष्ट्रपतींची सही झाली.

विधेयकाच्या उद्देशपत्रात कारण लिहिलंय, तेही लपवाछपवी न करता. निवडणुका वेळेवर होत नाहीत, राज्य सरकारं पालिका बरखास्त करून वर्षानुवर्षं ताब्यात ठेवतात, त्यामुळे या संस्था दुबळ्या झाल्या. म्हणजे रोग ओळखून औषध दिलं होतं. तीस वर्षांनी तोच रोग त्याच शहरात परतला.

*

परतला कसा? हा हिशेब सोडून चालणार नाही, कारण आता निवडणूक होऊन गेल्यावर सगळे ‘झालं गेलं विसरा’ म्हणू लागले आहेत.

नोव्हेंबर २०२०मध्ये कल्याण-डोंबिवलीची मुदत संपली तेव्हा करोना होता. ते कारण मी मान्य करतो. पुढचं एकही मान्य करत नाही.

मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास गवळी प्रकरणात निकाल दिला. स्थानिक संस्थांमध्ये ओबीसी आरक्षण द्यायचं तर आयोग नेमा, मागासलेपणाचा प्रत्यक्ष तपशील गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर नेऊ नका. ही तिहेरी कसोटी न्यायालयानं २०१०मध्येच घालून दिली होती. अकरा वर्षं कुठल्याही पक्षाच्या सरकारनं ती माहिती गोळा केली नव्हती. मग धावपळ सुरू झाली.

मार्च २०२२मध्ये महाविकास आघाडी सरकारनं कायदा करून प्रभाग पाडण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतले. ठाण्यातल्या जागा १३१च्या १४२ झाल्या. ४ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा. २० जुलैला ओबीसींच्या माहितीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारला गेला आणि वाट मोकळी झाली असं वाटलं. तोवर सरकार बदललं होतं. नव्या सरकारनं ऑगस्टमध्ये वटहुकूम काढून जागांची संख्या पुन्हा जुन्यावर नेली. लगेच याचिका. २२ ऑगस्ट २०२२ला न्यायालयानं ‘जैसे थे’चा आदेश दिला. त्यानंतर तारीख पे तारीख, पावणेतीन वर्षं. ६ मे २०२५ला न्यायमूर्ती सूर्य कांत आणि न्यायमूर्ती कोटीश्वर सिंह यांच्या खंडपीठानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. त्या चार महिन्यांतही झालं नाही. मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६ करून घेतली.

माझं मत स्वच्छ आहे. आघाडी सरकारनं घोळ सुरू केला, महायुती सरकारनं तो वाढवला, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याला पावणेतीन वर्षं आडोसा दिला. तिघांपैकी एकालाही मोकळं सोडायची माझी तयारी नाही.

न्यायालयाबद्दल हे लिहिताना हात अडखळतो, कारण याच न्यायालयानं ऑक्टोबर २००६मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात उलट बजावलं होतं. तिथं प्रभाग ४३चे ४५ करायचे म्हणून निवडणूक लांबवली होती. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की प्रभागरचना हे निवडणूक लांबवायचं कारण होऊ शकत नाही; पूर-भूकंपासारखी मोठी आपत्ती आली तरच गोष्ट वेगळी. मे २०२२मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. प्रभाग नवे नसतील तर जुन्या प्रभागांवर घ्या, ओबीसींची माहिती तयार नसेल तर तिच्याविना घ्या, पण घ्या. ज्या न्यायालयानं हे दोनदा सांगितलं, त्याच न्यायालयाच्या ‘जैसे थे’नं महाराष्ट्रातली शहरं थांबली. घटनेनं घालून दिलेली मुदत न्यायालयाच्या तारखांपुढे मागे पडली, हे कुठल्याही घटनाप्रेमी माणसाला सलायला हवं.

*

‘निवडणूक घेता येत नव्हती’ हे वाक्य ज्यांना अजून तोंडपाठ आहे, त्यांना दोन तारखा सांगतो. २० मे २०२४, ठाणे आणि कल्याणमध्ये लोकसभेचं मतदान. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. त्याच शाळा, त्याच खोल्या, तेच शिक्षक कर्मचारी म्हणून बसलेले, त्याच रांगा. सहा महिन्यांत दोनदा यंत्रणा उभी राहिली. जिथे सरकार बनायचं होतं तिथे एक दिवस उशीर झाला नाही. जिथे गल्लीचा कारभार चालायचा होता तिथे वर्षं गेली.

*

आता ओबीसींच्या नावानं जो खेळ झाला, त्याबद्दल.

‘ओबीसी आरक्षणाशिवाय निवडणूक नाही’ हे प्रत्येक पक्षानं छाती ठोकून सांगितलं. ऐकायला किती आपुलकीचं वाटतं! पण त्या काळात सभागृहच नव्हतं. रिकाम्या सभागृहातले २७ टक्के म्हणजे शून्य. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा, शून्य. महिलांसाठी चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं एक तृतीयांश जागा राखल्या, महाराष्ट्रानं २०११मध्ये त्या निम्म्या केल्या. ठाण्यात १३१पैकी ६६ बाया सभागृहात बसायला हव्या होत्या. चार वर्षं त्याही शून्य.

प्रशासकाच्या खुर्चीला आरक्षण नसतं. दलित, आदिवासी, ओबीसी, बाई, या साऱ्यांना पालिकेच्या दारातून आत आणायचं असं घटनेनं ठरवलं होतं, आणि त्यांच्याच हिताचं नाव घेऊन दार बंद ठेवलं गेलं. आरक्षण हवंच. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. म्हणूनच अकरा वर्षं माहिती गोळा न करणाऱ्यांना मी आरक्षणाचे कैवारी मानायला तयार नाही.

*

एक युक्तिवाद सुशिक्षितांच्या तोंडी फार ऐकू येतो. ‘बरंच झालं की नगरसेवक नव्हते. टक्केवारी नाही, राडे नाहीत. एक चांगला आयएएस अधिकारी बसला की काम होतं.’ ठाण्यात हे म्हणणारा लगेच टी. चंद्रशेखर यांचं नाव घेतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयुक्त असताना त्यांनी रस्ते रुंद केले, ठाणेकर अजून त्यांचं नाव आदरानं घेतात, मीही घेतो. पण एक गोष्ट विसरली जाते. चंद्रशेखर यांच्या काळात ठाण्यात निवडून आलेलं सभागृह होतं. लोकांचा रोष, नगरसेवकांचा विरोध, सभेतली खडाजंगी, सगळं होतं. तरी रस्ते झाले. चांगल्या अधिकाऱ्याला सभागृह नसावं लागतं, हे त्यांच्या उदाहरणावरून कुठेच सिद्ध होत नाही.

आणि प्रशासक म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. महापालिकेत आयुक्त प्रस्ताव मांडतो. सोळा जणांची स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते, किंवा अडवते. सर्वसाधारण सभा धोरण ठरवते आणि आयुक्ताला जाब विचारते. प्रशासकाच्या काळात ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे. प्रस्ताव त्याचा, मंजुरी त्याची, अंमल त्याचा. ठाण्याचं अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या पुढे गेलं आहे. २०२३-२४, २०२४-२५, २०२५-२६, सलग तीन अंदाजपत्रकं आयुक्तांनी मांडली आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केली. कल्याण-डोंबिवलीत अशी पाच झाली. मी कुणाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवत नाही. देवमाणूस बसवला तरी त्याला स्वतःचा हिशेब स्वतः तपासायला सांगू नये.

ऑगस्ट २०२३ आठवा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाणे महापालिकेचं. चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. राज्यानं चौकशी समिती नेमली. नेते आले, कॅमेरे आले. पण जिथे या मृत्यूंचा हिशेब मागितला जायला हवा होता, ती जागा म्हणजे ठाणे महापालिकेची सर्वसाधारण सभा. लक्षवेधी लागायला हवी होती. अतिदक्षता विभागात खाटा किती, डॉक्टर किती, पदं रिकामी किती, औषध खरेदी कधीची, हे प्रश्न विचारले जायला हवे होते, आणि उत्तरं इतिवृत्तात नोंदवली जायला हवी होती. सभागृहच नव्हतं. इतिवृत्त कोरं आहे.

किंवा डोंबिवलीच्या त्या ६५ इमारती. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला. आयुष्यभराची पुंजी घातलेली हजारो कुटुंबं एका रात्रीत बेघर होण्याच्या टोकावर आली. शिक्के खोटे होते, पण इमारती खऱ्या होत्या, मजल्यावर मजला चढत होता, आणि बीट निरीक्षकापासून वरपर्यंत कुणाच्या डोळ्यांना त्या दिसल्या नाहीत. हा आदेश आला त्या दिवशी कल्याणच्या सभागृहात या कुटुंबांच्या बाजूनं उभं राहून अधिकाऱ्यांना नावानिशी विचारणारा एकही माणूस नव्हता, कारण सभागृहाला कुलूप होतं.

नगरसेवक संत नसतात. ठाण्याच्या सभागृहानं भ्रष्टाचाराच्या आरोपांवर नेमलेल्या नंदलाल समितीची चौकशी पाहिली आहे, टक्केवारी हा शब्द इथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. पण चोर नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येतं. प्रशासकाला आपण कुठल्या यंत्राचं बटण दाबून घरी बसवणार होतो?

*

सर्वात वाईट अवस्था कल्याणलगतच्या २७ गावांची. १९८३मध्ये त्यांना महापालिकेत घातलं. २००२मध्ये बाहेर काढलं. जून २०१५मध्ये पुन्हा आत. मार्च २०२०मध्ये त्यातली १८ गावं बाहेर काढायचा निर्णय झाला, तो त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयानं रद्द केला. आत घेताना गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. म्हणजे त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं दिलेलं हातातून सुटलं. नोव्हेंबर २०२०मध्ये पालिकेची मुदत संपली, तेव्हा चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं दिलेलंही गेलं. सरपंच नाही, नगरसेवक नाही, कराची बिलं मात्र घरात. संघर्ष समितीनं वर्षानुवर्षं वेगळ्या नगरपालिकेची मागणी लावून धरली. ती मागणी योग्य की अयोग्य यावर दुमत असू शकतं. पण ज्या माणसाला आपण गावात राहतो की शहरात, हेच सरकार दर काही वर्षांनी बदलून सांगतं, त्याच्या रागावर दुमत असू नये.

*

शेवटी १५ जानेवारी उजाडली. मतदान झालं, आणि मला आनंदही झाला. पण काय हाती आलं तेही बघा.

ठाण्यात ३३ प्रभाग. बत्तीस प्रभागांत चार-चार जागा, एकात तीन. मतदारानं एका खोलीत उभं राहून चार वेळा मत द्यायचं. अ, ब, क, ड. चारही नोंदवल्याशिवाय यंत्राचा तो लांब आवाज येत नाही. आमच्या केंद्रावर नऊवारीतल्या एका आजींनी एक बटण दाबलं आणि काठी टेकत निघाल्या. केंद्रावरची बाई म्हणाली, ‘‘आजी, अजून तीन राहिली.’’ आजी थांबल्या. ‘‘अगं, मला एकच माणूस हवाय. नळाचं बघणारा. चौघं कशाला?’’ त्या बाईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

कारण चौघं मतदाराच्या सोयीसाठी नाहीतच. राज्यात २००२मध्ये तीनचा प्रभाग होता, २००७मध्ये एकचा, २०१२मध्ये दोनचा, २०१७मध्ये चारचा. मग एकचा ठरला, मग तीनचा, मग पुन्हा चारचा. प्रत्येक वेळी जो पक्ष सत्तेत, त्याच्या गणितानं. मुंबईला मात्र २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. मुंबईच्या माणसाला आपला नगरसेवक कोण ते एका नावात सांगता येतं. मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात आलं की चार नावं, आणि गटार तुंबलं की चौघंही तिसऱ्याकडे बोट दाखवणार. पाच हजार कोटींच्या शहरात जबाबदारीचे चार तुकडे करायची काय गरज होती, हे कुठल्याही सरकारनं अजून पटेल असं सांगितलेलं नाही.

आणि कल्याण-डोंबिवलीत डझनभराहून अधिक जागांवर बिनविरोध निवड झाली. दहा वर्षं वाट पाहिलेल्या मतदाराला त्या जागेसाठी बटणच दाबता आलं नाही. समोरचे अर्ज का मागे घेतले गेले, यावर गावभर चर्चा आहे. चर्चेला पुरावा म्हणत नाहीत, म्हणून मी तिथं जात नाही. पण समोर एकच उमेदवार उरला, तरी मतदाराला ‘वरीलपैकी कोणी नाही’ म्हणायची संधी का नको? नकार देण्याचा हक्क २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला आहे. त्या डोंबिवलीच्या मुलीचं घर अशा प्रभागात असेल, तर त्या जागेपुरती ती पुढच्या निवडणुकीपर्यंत तशीच.

*

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. चेन्नईत २०१६ ते २०२२ निवडून आलेलं सभागृह नव्हतं. बेंगळुरूत सप्टेंबर २०२०पासून नव्हतं. वेगळी राज्यं, वेगळे पक्ष, कारणं मात्र ठरलेली: प्रभागरचना, आरक्षण, न्यायालय. यातून एकच दिसतं. २४३-यूमध्ये मुदत आहे, पण ती मोडणाऱ्याला काहीच होत नाही. एखाद्या खात्याच्या सचिवाला दंड नाही, मंत्र्याला प्रश्न नाही, निवडणूक आयुक्ताला नोटीस नाही. घरपट्टी भरायला उशीर झाला तर पालिका दरमहा दोन टक्के शास्ती लावते. निवडणुकीला पाच वर्षं उशीर झाला तर कुणालाच काही नाही.

म्हणून आता मागायचं ते नेमकं मागू या. मुदत संपायच्या आधीच्या वर्षात प्रभागांच्या सीमा आणि जागांची संख्या बदलायला बंदी. मुदत संपत आली आणि नवी रचना तयार नसेल, तर जुन्या रचनेवर निवडणूक, आपोआप, सरकारच्या परवानगीशिवाय. प्रभाग पाडायचं काम पुन्हा राज्य निवडणूक आयोगाकडे. यातलं बरंचसं विधिमंडळाला साध्या कायद्यानं करता येईल, त्याला घटनादुरुस्तीही लागत नाही. ठाणे जिल्ह्यातून अठरा आमदार विधानसभेत जातात. उपमुख्यमंत्री याच शहराचे आहेत, नगरविकास खातंही त्यांच्याचकडे आहे. पत्ता शोधायची गरज नाही.

आणि ठाण्याच्या नव्या सभागृहाकडे दोन मागण्या. मार्च २०२२पासून निवडणुकीपर्यंत प्रशासकांनी जेवढे प्रशासकीय ठराव केले, ते सगळे विषयासकट, रकमेसकट आणि ठेकेदाराच्या नावासकट सर्वसाधारण सभेपुढे ठेवा आणि लोकांसाठी जाहीर करा. ज्या काळात जाब विचारायला कुणी नव्हतं, त्या काळाचा हिशेब आता विचारता येतो. दुसरी मागणी, क्षेत्रसभा भरवा. कायद्यात तिची तरतूद आहे, नगरराजच्या नावानं ती २००९मध्ये आली, आणि तेव्हापासून कागदावरच पडून आहे. मतदान केंद्रांच्या हद्दीतले मतदार एकत्र बसतील आणि नगरसेवक त्यांच्यासमोर उत्तरं देईल, अशी ती सभा. खोपटला अशी सभा भरवायला जागेची अडचण नाही, शाळा आहेत, मैदान आहे.

आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना मी या दोन मागण्यांचं पत्र याच आठवड्यात देतो आहे. चौघांपैकी कोण काय उत्तर देतो, ते नावानिशी या सदरात छापीन. उत्तर आलं नाही, तर तेही छापीन.